ओझेवाहतूक, घाटवाटांवरील
ओझेवाहतूक, घाटवाटांवरील : डोंगरातील चढउताराच्या पायवाटांवरून डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर किंवा माणसांच्या व जनावरांच्या साहाय्याने केलेली मालाची व माणसांची ने-आण. चाकाच्या वाहनाला जेथे वाट नसते, तेथे ही पद्धत जगभर आढळते. हिमालयातील भारवाहक, आल्प्समधील बर्फावरून स्की पाठीवर बांधून चढणारे गिर्यारोहक आणि सह्याद्रीच्या घाटवाटांनी लाकडाची मोळी किंवा धान्याची पाटी वाहणारे शेतकरी या सर्वांपुढील मूळ प्रश्न एकच असतो : स्वतःच्या देहाबरोबर आणखी काही वजन उंचीवर कसे न्यावे व तोल कसा राखावा. महाराष्ट्रात या वाहतुकीचे अभ्यासनीय उदाहरण म्हणून रायगड जिल्ह्याच्या (पूर्वीचा कुलाबा जिल्हा; नामांतर १९८१) आग्नेय भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांचा निर्देश करता येईल.

भौगोलिक पार्श्वभूमी : महाड हे सावित्री नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून अल्प उंचीवर वसलेले गाव आहे. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाडवरून वाहत जाऊन बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. पूर्वी भरतीच्या पाण्यावर लहान गलबते खाडीतून महाडपर्यंत येत, त्यामुळे महाड हे बंदर व घाटमाथा यांच्यामधील माल उतरविण्याचे ठिकाण बनले. गावाजवळील गंधारपाले व कोल येथील बौद्ध लेणी या व्यापारी मार्गाच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग एखाद्या भिंतीसारखी उभी आहे. पायथ्याच्या गावांपासून माथ्यापर्यंतचा चढ बहुतेक वाटांवर ५०० ते ७०० मी. भरतो, पोलादपूर तालुक्यातील ढवळे गावावरून महाबळेश्वरच्या ऑर्थरसीटकडे जाणाऱ्या वाटेवर तो १,००० मी.पेक्षाही अधिक आहे. येथील खडक बेसाल्टचा असून त्याचे थर पायऱ्यापायऱ्यांनी झिजलेले आहेत. त्यामुळे वाट काही अंतर सपाटीने जाते व मग एकदम कड्याला भिडते. पर्जन्यमान वर्षाला सु. ३,००० मिमी. किंवा त्याहून अधिक आहे. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात उतारावरील सुट्या मातीदगडांचा घसारा पायाखाली सरकतो. ओझे वाहणाऱ्याला या दोन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

वाटांचे प्रकार : स्थानिक व्यवहारात या वाटांची नावे त्यांच्या स्वरूपानुसार पडली आहेत. लादलेले बैल जाऊ शकतील अशा तुलनेने रुंद व वळणावळणाच्या मार्गाला ‘घाट’ म्हणतात, तर दोन कड्यांमधील दगडगोट्यांनी भरलेल्या उभ्या घळीला ‘नाळ’ म्हणतात. महाडहून बिरवाडी व माझेरीमार्गे भोरकडे जाणारा वरंधा घाट, पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट, प्रतापगडाच्या पायथ्याजवळचा पारघाट, तसेच मढेघाट, उपांड्या, गोप्या व शेवत्या हे या भागातील परिचित मार्ग होत. लिंगाणा किल्ल्याच्या परिसरातील बोराट्याची नाळ आणि सिंगापूर नाळ या दुसऱ्या प्रकारात मोडतात. नाळेतून लादलेले जनावर जाणे शक्य नसते, तेथे माणसाचे डोके व खांदा एवढीच साधने उरतात. वरंधा घाटात वाघजाईच्या देवळाच्या परिसरात कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. चढाच्या मध्यावर पाणी मिळणे ही ओझेवाहतुकीची पहिली गरज असल्याचे त्यांवरून दिसून येते.

इतिहास : कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ व भात वर जाई आणि देशावरून गहू, कडधान्ये, मिरची, गूळ इ. माल खाली येई. मोठा व्यापार मुख्यतः बैलांच्या पाठीवरील गोण्यांतून चाले. लमाण व वंजारी लोकांचे तांडे त्यासाठी प्रसिद्ध होते. घाटांवर ज्याची सत्ता, त्याच्याकडे जकात व हेरगिरी या दोहोंची किल्ली असे. जावळीच्या मोऱ्यांचे महत्त्व त्यामुळेच होते. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी व पाठोपाठ रायरी (पुढील रायगड) हस्तगत केल्यावर पारघाटाचा परिसर स्वराज्याकडे आला. १६५९ मध्ये अफझलखानाचे सैन्य अवजड सामानासह रडतोंडीच्या घाटाने जावळीच्या खोऱ्यात उतरले. हा मार्ग किती बिकट असावा, याची कल्पना त्याच्या नावावरूनच येते.

मढेघाटाच्या नावाशी एक हृद्य परंपरा जोडलेली आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले. त्यांचे पार्थिव पालखीतून घाट उतरून पोलादपूर तालुक्यातील उमरठे या गावी नेले, म्हणून केळदजवळच्या या घाटाला मढेघाट हे नाव पडले, असे परंपरा सांगते.

रायगडाला राजधानीचे स्वरूप आल्यावर धान्य, दारूगोळा, तोफा, बांधकामाचे साहित्य व नित्याचे दूधदुभते हे सर्व सु. ८२० मी. उंचीच्या गडावर चढवावे लागे. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन याने गडावर हत्ती पाहिले, तेव्हा एवढ्या अवघड वाटेने ते वर कसे आणले असतील, याचे त्याला नवल वाटले. गडावर दूध घालण्यास आलेल्या व रात्री दरवाजे बंद झाल्याने बाळाच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या हिरकणी गवळणीची कथा सर्वश्रुत आहे. ती आख्यायिका असली, तरी गडाचा रोजचा व्यवहार पायथ्याच्या वाड्यांतील स्त्रीपुरुषांच्या डोक्यावरून चालत असे, हे वास्तव तीतून प्रकट होते.

ब्रिटिश अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबेनळी घाटातून गाडीरस्ता तयार करण्यात आला. मुंबईचे गव्हर्नर (१८६७–७२) सर सेमूर फिट्झजेरल्ड यांचे नाव त्यास देण्यात आले होते. गाडीरस्ता होताच बैलांच्या तांड्यांचा व्यापार मंदावला. मात्र रस्ता ठरावीक घाटांतूनच गेला. उरलेल्या वाटांवरील गावांचे ओझे माणसांच्या डोक्यावरच राहिले.

साधने व पद्धती : सर्वांत साधे साधन म्हणजे चुंबळ. कापड, गवत किंवा वेल यांचे वेटोळे करून ते डोक्यावर ठेवतात व त्यावर हंडा, पाटी, हारा किंवा मोळी तोलतात. चुंबळीमुळे भार टाळूच्या एका बिंदूवर न येता मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि भांड्याच्या गोल बुडाला बैठक मिळते. डोक्यावरील ओझ्याचा गुरुत्वमध्य कण्याच्या सरळ रेषेत असल्याने शरीर पुढे वा मागे ओढले जात नाही. मात्र तो उंचावर असल्याने पाय घसरल्यास तोल सावरणे कठीण जाते. म्हणून खडबडीत नाळेत अनेक वाहक ओझे डोक्यावरून खांद्यावर किंवा पाठीवर घेतात.

कावडीत बांबूच्या दोन्ही टोकांना शिंकाळी बांधून भार समतोल केला जातो. चालताना बांबू लवतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसून आले की, लवचिक दांड्यामुळे खर्च होणारी ऊर्जा कमी होत नाही. परंतु प्रत्येक पावलागणिक खांद्याला बसणारा कमाल दाब पुष्कळ कमी होतो. कावड सपाटीवर व सौम्य चढावर सोयीची असते. अरुंद व उभ्या वाटेवर पुढचे शिंकाळे जमिनीला लागते, म्हणून तेथे तिचा वापर क्वचितच होतो.

आजारी, वृद्ध किंवा प्रसूत होऊ घातलेल्या व्यक्तीला नेण्यासाठी डोली वापरतात. बांबूला झोळी अथवा खुर्ची बांधून दोन किंवा चार माणसे ती खांद्यावर घेतात व ठरावीक अंतरावर खांदेपालट करतात. चढताना रुग्णाचे डोके पुढच्या बाजूस व उतरताना मागच्या बाजूस ठेवले, म्हणजे ते सतत पायांपेक्षा उंच राहते. चढावर मागच्या वाहकांवर अधिक भार येतो, म्हणून उंच व बळकट माणसे चढताना मागे व उतरताना पुढे ठेवणे हितावह असते.

चढावरील ऊर्जाव्यय : ओझे उंचीवर नेण्यासाठी लागणारे किमान कार्य हे वजन व उंची यांच्या गुणाकाराइतके असते. ५० किग्रॅ. वजनाची स्त्री २० किग्रॅ.ची पाटी घेऊन ६०० मी. चढली, तर तिने एकूण ७० किग्रॅ. वस्तुमान वर उचलले असे होते. त्यासाठी सु. ४,१२,००० जूल, म्हणजे सु. ९८ किलोकॅलरी इतके यांत्रिक कार्य घडते. स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी सु. चतुर्थांशच अशा कार्यात रूपांतरित करू शकतात, उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून केवळ चढासाठी शरीरातील सु. ३९० किलोकॅलरी खर्च होतात व त्यांपैकी सु. ११० किलोकॅलरी निव्वळ पाटीपायी जातात. चालण्याचा, तोल सावरण्याचा व उतरण्याचा खर्च यात धरलेला नाही.

या संदर्भात १९८६ मध्ये केन्यातील लुओ व किकुयू स्त्रियांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या स्वतःच्या वजनाच्या एकपंचमांशापर्यंतचे ओझे सपाटीवर जवळजवळ कोणताही जादा ऊर्जाव्यय न करता वाहू शकतात, असे त्यात आढळून आले. नेपाळमधील नामचे बाजाराकडे जाणाऱ्या भारवाहकांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने (नाम्लो) पाठीवरील टोपली (डोको) तोलणारे हे पुरुष सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के व स्त्रिया ६६ टक्के भार वाहतात, असे त्यात नोंदले आहे. अवजड ओझी वाहताना त्यांना पाठपिशवी घेणाऱ्या पाश्चात्त्य व्यक्तींपेक्षा कमी ऊर्जा लागते, असेही दिसून आले. या निष्कर्षांचा अर्थ मात्र मर्यादित आहे. सरावाने चालण्यातील अपव्यय कमी होतो. उंची गाठण्यासाठी लागणारे कार्य कमी होत नाही. डोक्यावर सहज तोललेली घागर पाहून ती वाहणाऱ्या स्त्रीला कष्ट होत नाहीत असे मानणे, विशेषतः घाटाच्या चढावर, चुकीचे ठरते. तिचे कौशल्य कष्ट लपविते, नाहीसे करीत नाही.

भार शरीराच्या कोणत्या भागावर आहे, यावरही श्रम अवलंबून असतात. पायांवर बांधलेले वजन पाठीवरील तेवढ्याच वजनाच्या चार ते सहा पट श्रम देते, कारण प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे न्यावे लागते. जड पादत्राणे चढावर नकोशी वाटतात, ती यामुळेच.

लांब ओझी आणि स्कीवहन : वजनापेक्षा लांबी हीच ज्या ओझ्याची अडचण असते, त्यांची तंत्रे वेगळी असतात. सह्याद्रीत बांबू, वासे व लाकडाच्या मोळ्या ही अशी ओझी होत. ती वाटेच्या दिशेनेच धरावी लागतात; आडवी धरल्यास झाडीत अडकतात किंवा कड्याला लागून वाहकाला दरीकडे ढकलतात. चढावर पुढचे टोक खडकाला थडकते व उतारावर मागचे टोक जमिनीला घासते, म्हणून भाराचा मध्य खांद्याच्या किंचित पुढे वा मागे सरकवून घ्यावा लागतो. तीव्र वळणावर एक टोक उंच उचलून वळण घेतात.

बर्फाळ प्रदेशात हाच प्रश्न स्कीच्या बाबतीत उद्भवतो. गुलमर्ग व औली येथील खेळामुळे स्की भारतीयांस परिचित आहेत. डोंगर चढताना स्कीच्या तळाला एका दिशेने केस असलेली पट्टी (पूर्वी सीलचे कातडे, आता कृत्रिम धागे) चिकटवतात. ती पुढे सरकते, परंतु मागे घसरत नाही. मऊ बर्फात स्की पायात ठेवणे फायद्याचे असते, कारण त्या उचलाव्या न लागता सरकविल्या जातात आणि पाय बर्फात रुतत नाही. चढ फार उभा झाला किंवा बर्फ कठीण असला, की पट्टीची पकड सुटते. तेव्हा स्की काढून पाठपिशवीला बांधतात व बुटांच्या टोकांनी बर्फात पायऱ्या पाडीत चढतात. पिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक स्की बांधून वरची टोके जुळविणे ही एक पद्धत आणि दोन्ही एकत्र करून पाठीवर तिरप्या बांधणे ही दुसरी. पहिलीत भार समतोल राहतो, पण खालची टोके पोटऱ्यांना लागतात. दुसरीत बांधणे व सोडणे लवकर होते, पण भार एका बाजूला झुकतो. वर आलेली टोके झाडाच्या फांद्यांत अडकतात व वाकताना कड्याला लागतात. बांबू वाहणाऱ्या पोलादपूरच्या शेतकऱ्याला आणि स्की वाहणाऱ्या आल्प्समधील गिर्यारोहकाला घ्यावी लागणारी खबरदारी या दृष्टीने सारखीच आहे. फरक आहे तो गरजेचा : एक छंदासाठी चढतो, दुसऱ्याला चढण्यावाचून गत्यंतर नसते.

शरीरावरील परिणाम व संरक्षण : दीर्घकाळ अवजड ओझी वाहिल्याने मानेचे मणके, कंबर व गुडघे यांवर ताण पडतो. चढापेक्षा उतार गुडघ्यांना अधिक त्रासदायक ठरतो, कारण देह व ओझे यांचा वेग मांडीच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला रोखावा लागतो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ मध्ये कमाल भारासंबंधी करार संमत केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहावयाच्या भाराची मर्यादा ५५ किग्रॅ. मानली असून स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी, असे म्हटले आहे. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ मध्ये करण्यात आला व डोक्यापाठीवर ओझी वाहणाऱ्यांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांची तरतूद झाली. हे उपाय मोबदल्यासाठी केलेल्या कामापुरते आहेत. डोंगरातील वाडीवर स्वतःच्या घरासाठी पाणी, सरपण व धान्य वाहणाऱ्या स्त्रीच्या ओझ्याला मर्यादा घालणारा कायदा नाही. तेथे रस्ता, नळ व इंधन हाच खरा उपाय ठरतो.

सद्यःस्थिती : मोटाररस्ते वाढल्याने महाड–पोलादपूर भागातील बहुतेक घाटवाटा व्यापाराच्या दृष्टीने निरुपयोगी झाल्या. त्यांवर आता पदभ्रमण करणारे अधिक दिसतात. रायगडावर १९९६ मध्ये रज्जुमार्ग सुरू झाला. तथापि पायऱ्यांच्या मार्गाने डोलीतून यात्रेकरूंना नेणे आणि पायथ्याच्या वाड्यांतील स्त्रियांनी ताक, सरबत, खाद्यपदार्थ इ. वर नेऊन विकणे हे व्यवसाय टिकून राहिले. रस्ता न पोहोचलेल्या वाड्यांतून रुग्णाला डोली करून मुख्य रस्त्यापर्यंत आणण्याचे प्रसंगही घडत आले आहेत. अशा वेळी चार खांदे उपलब्ध असणे हाच जीवनमरणाचा प्रश्न होतो आणि तरुण माणसे मुंबई-पुण्याकडे गेलेल्या वाडीत तेच दुर्मिळ असतात.

आपत्तीच्या वेळी रस्त्याच्या प्रदेशालाही जुन्या पद्धतींकडे वळावे लागते. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले, तेव्हा मृतदेह दोरांच्या साहाय्याने माणसांनीच खोल दरीतून वर आणले. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक लोकांचा बळी गेला. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून जीवितहानी झाली. पुरामुळे व दरडींमुळे रस्ते बंद पडल्याने तळिये येथे मदत पोहोचण्यास विलंब झाला. आंबेनळी घाटाचा रस्ताही त्या पावसात ठिकठिकाणी खचला. घाटरस्ते असे खंडित होतात, तेव्हा पायवाटा कोठे आहेत, त्यांवर पाणी कोठे मिळते आणि अवजड वा लांब ओझे कोठून नेता येते, याचे ज्ञान असलेल्या स्थानिक माणसांवरच मदतकार्य पहिल्या तासांत अवलंबून राहते. वापर थांबला, की वाट दोनतीन पावसाळ्यांत झाडीखाली जाते व तिच्यासंबंधीचे ज्ञानही लोप पावते. म्हणून या वाटांची नोंद व निगा यांना ऐतिहासिक महत्त्वाबरोबरच व्यावहारिक महत्त्वही आहे.